अण्णांचा डोळा आठ दिवस लाल आहे, ठणकतोय. डोळे आलेत की दुसरं काही?

पंचगंगाकाठ (शनिवार, रात्री 9.20)

नमस्कार. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. मी पुण्यात नोकरीला आहे. आई, अण्णा आणि धाकटा भाऊ गावी, शिरोळ तालुक्यात. अण्णा 61 वर्षांचे. साखरेची गोळी सहा वर्षं चालू आहे, बाकी माणूस ठणठणीत.

गेल्या शुक्रवारी ते म्हशीसाठी वाडं आणायला फडात गेले होते. भारा उचलताना उसाचं पातं उजव्या डोळ्यावर सपकन बसलं. डोळ्याला धार लागली, जरा वेळ उघडेनाच. बोअरच्या पाण्यानं धुतला आणि भारा घेऊनच घरी आले. दोन दिवस खुपत होतं, पण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सोमवारी डोळा लालभडक दिसला तेव्हा आईनं भावाला मेडिकलमध्ये पाठवलं. डोळे आलेत म्हटल्यावर दुकानदारानं थेंबांची एक बाटली दिली, दिवसातून चार वेळा घाला म्हणाला. मंगळवार-बुधवार लाली उतरली. अण्णा म्हणाले, गुण आला. गुरुवारपासून परत लाल, आणि आता ठणका लागलाय. काल रात्री दोनदा उठून बसले. दिवसा डोक्यावर टॉवेल टाकून आतल्या खोलीत बसतात, दारातून येणारा उजेडसुद्धा नको म्हणतात.

भाऊ म्हणतो साथ असेल. शेजारच्या काकू म्हणतात बाळंतिणीचं दूध घाला. व्हिडिओ कॉलवर मी बघितलं, पण फोनमध्ये लाल एवढंच कळतं. सोमवारी रजा टाकून जाऊन त्यांना दाखवावं असा विचार आहे. तोवर तेच थेंब चालू ठेवू, की दुसरे आणायला सांगू?

सातारी माती (रात्री 9.41)

ताई, घाबरू नका. 2023 च्या पावसाळ्यात आमच्या घरात एकामागोमाग चौघांचे डोळे आले होते. आठवड्याभरात सगळ्यांचं आपोआप बरं झालं. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, टॉवेल-उशी वेगळी करा. थेंब चालू ठेवा, औषध अर्ध्यावर सोडू नये.

निवृत्त नेत्रसहायक (रात्री 9.58)

ताई, थेंब आत्ताच्या आत्ता थांबवायला सांगा. दूधही नको, मधही नको, गुलाबपाणीही नको. आणि सोमवारची वाट बघू नका.

मी 31 वर्षं ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी होतो. पदाच्या नावात अधिकारी असला तरी मी डोळ्यांचा डॉक्टर नव्हे. नंबर काढणं, दाब मोजणं, शिबिरं घेणं आणि कुठला डोळा आजच्या आज पुढे पाठवायचा हे ओळखणं, हे माझं काम. ते शेवटचं काम आत्ता करायचंय. भाऊ अण्णांजवळ असेल तर त्याला फोन लावा आणि एवढं बघून घ्या. डोळा दाबायचा नाही, चोळायचा नाही, पापणी अगदी हलक्या हातानं वर धरायची.

डावा डोळा हातानं झाकून नुसत्या उजव्या डोळ्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता येते का? लाली नेमकी कुठे आहे, खालच्या पापणीच्या आत आणि कोपऱ्यांत, की काळ्या बुबुळाला लागून गोल कडं धरून? दोन्ही बाहुल्या सारख्याच आहेत की एक मोठी, एक बारीक? बॅटरी बाजूनं धरली तर बुबुळावर कुठे पांढुरका ठिपका दिसतो का? मग बॅटरी चांगल्या डोळ्यावर टाका आणि विचारा, उजव्या डोळ्यात कळ येते का. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात का? डोकं फुटतंय, उलटी झाली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, असं काही आहे? आणि त्या बाटलीवर बारीक अक्षरात काय काय लिहिलंय ते एकेक अक्षर वाचून घ्या. कंपनीनं मोठ्या अक्षरात छापलेलं नाव नको, आतल्या औषधांची नावं हवीत.

पंचगंगाकाठ (रात्री 10.37)

काका, सगळं विचारलं. भावानं बॅटरी धरली, आईनं पापणी धरली.

कॅलेंडरची तारीख दिसत नाही. पान पांढरं आहे एवढंच कळतं म्हणाले. दोन हातांवरून बोटं मोजता आली. गेल्या दिवाळीत नंबर काढला होता, तेव्हा याच डोळ्यानं सगळ्यात खालची ओळ वाचली होती. लाली बुबुळाभोवती जास्त आहे, भाऊ म्हणतो जांभळट दिसते. बाहुल्या जवळजवळ सारख्याच वाटतात. चांगल्या डोळ्यावर उजेड टाकला तेव्हा उजव्यात थोडी कळ आली. चिपडं नाहीत, नुसतं पाणी येतं. उलटी नाही, डोकं फक्त उजव्या भुवईवर दुखतं.

बुबुळावर खालच्या अंगाला पांढरा ठिपका आहे. मोहरीपेक्षा थोडा मोठा. कडा नीट नाहीत, कापूस पिंजल्यासारख्या दिसतात. आम्हाला कुणाला हे आधी दिसलंच नव्हतं.

बाटलीवर दोन नावं आहेत. एक मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि दुसरं डेक्सामेथासोन.

निवृत्त नेत्रसहायक (रात्री 11.12)

दुसऱ्या नावाची भीती होती, तेच निघालं. डेक्सामेथासोन म्हणजे स्टेरॉइड. आता सगळं सविस्तर लिहितो, कारण उद्या दवाखान्यात तुमच्या भावाला हे सांगता आलं पाहिजे.

डोळे आले की बहुतेक वेळा एका डोळ्यातून दोनतीन दिवसांत दुसऱ्यात जातं. सकाळी पापण्या चिकटतात, वाळू गेल्यासारखं चुरचुरतं. लाली पापणीच्या आत आणि कोपऱ्यांत जास्त असते, बुबुळाकडे येता येता कमी होते. चिपड पुसलं की दिसतं स्वच्छ. असा माणूस वैतागलेला असतो, पण अंधारी खोली शोधत नाही. अण्णांचं यातलं काहीही जुळत नाही. आठ दिवसांत दुसरा डोळा कोरा, चिपड नाही, उजेड नको, तारीख दिसेना, आणि बुबुळाला लागून कडं. ते कडं दिसलं की समजायचं, दुखणं वरच्या पातळ पडद्याचं नाही, बुबुळात किंवा त्याच्याही आत आहे.

असं कडं धरणारी तीन दुखणी मी नोकरीत पुन्हा पुन्हा पाहिली. पहिलं काचबिंदूचा झटका. एक बाई आठवते, वय साठीच्या आतबाहेर, दोन दिवस उलट्या, डोकं बांधून निजलेली. घरच्यांनी पित्त समजून पित्ताच्याच गोळ्या दिल्या. तिची बाहुली मोठी होऊन तशीच थिजली होती, उजेड टाकला तरी हलेना, आणि बुबुळ वाफ धरलेल्या काचेसारखं धुरकट. डोळ्याचा दाब साधारण 10 ते 21 असतो, तिचा 50 च्या वर गेला होता. शिरेतून औषध देऊन दाब उतरवला, मग बुबुळामागच्या पडद्याला लेसरनं बारीक भोक पाडलं, दुसऱ्या डोळ्यालाही, कारण झटका उद्या तिथेही येऊ शकतो. अण्णांना उलटी नाही, बाहुली फाकलेली नाही, म्हणून हे मागे टाकू.

दुसरं, बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याची सूज. यात बाहुली बारीक किंवा वेडीवाकडी होते. उजेड चांगल्या डोळ्यावर टाकला तरी दुखऱ्यात कळ उठते, कारण दोन्ही बाहुल्या एकदमच आकसतात आणि सुजलेला पडदा ताणला जातो. तेवढ्यासाठी मी ती बॅटरी धरायला लावली. अण्णांना थोडी कळ आली, म्हणजे आत थोडी सूज आहेच. पण ती मागाहून आलेली असणार. कारण तिसरं दुखणं तुमच्या भावानं डोळ्यांनी पाहिलंय.

तो पांढरा ठिपका. पात्यानं बुबुळ खरचटलं आणि त्या जखमेत काहीतरी रुजलं. बुबुळाचा पारदर्शक पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात. पाल्या-पाचटाचा मार, सात-आठ दिवसांचं अंतर, पिंजलेल्या कडा, वर साखर. हे सगळं एकत्र आलं की आधी बुरशीचा विचार करायचा. फडातल्या पाल्यावर आणि मातीत फ्युजेरियम, ॲस्परजिलस या बुरशी असतातच. बुरशीचा व्रण सुरुवातीला दिसतो तेवढा दुखत नाही, म्हणून माणूस अंगावर काढतो. अण्णांनी काढला तसाच.

आणि मंगळवार-बुधवारचा तो गुण. लाली म्हणजे शरीर तिथं लढतंय. स्टेरॉइडनं लढणारे मागे घेतले, म्हणून डोळा पांढरा झाला आणि बुरशीला दोन दिवस मोकळं रान मिळालं. मॉक्सिफ्लॉक्सासिन जिवाणूवर चालतं, बुरशीवर नाही. तुमच्या भावाची यात चूक नाही. त्यानं डोळे आलेत असं सांगितलं, बाटली मिळाली. पण तो डोळा कुणीतरी एकदा बघायला हवा होता.

हे रात्री अकराला का लिहीत बसलोय तेही सांगतो. 1994 साली माझ्याकडे ऊसतोडीची एक बाई आली होती, बीडकडची. एकच डोळा लाल. ओपीडीत शंभरेक माणसं उभी होती. मी बॅटरी मारली, ठिपका दिसला नाही, मलम दिलं आणि पाठवली. तपासणीची केशरी पट्टी खणात होती, ती लावली नाही. ती पट्टी डोळ्याला टेकवून निळा उजेड टाकला की खरचटलेली जागा हिरवी चमकते, एक मिनिटाचं काम आहे. बारा दिवसांनी ती परत आली तेव्हा बुबुळ भोक पडून आत गळालं होतं. तिचं तान्हं पोर पाठीला बांधलेलं होतं. त्यानंतर पट्टी लावल्याशिवाय एकही दुखरा लाल डोळा मी माघारी धाडला नाही.

उद्या सकाळीच मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्या, तुम्हाला जे जवळ पडेल ते. रविवारी ओपीडी नसते, अपघात विभागात जा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलवायला सांगा. सांगायचं ते याच शब्दांत: उसाचं पातं लागून आठ दिवस झाले, बुबुळावर पांढरा ठिपका आहे, स्टेरॉइडचे थेंब पाच दिवस पडलेत, साखर आहे. बाटली बरोबर ठेवा. डोळ्याला पट्टी बांधून बंद करू नका, आत ऊब धरते. गॉगल घाला.

तिथे मोठ्या यंत्रावर हनुवटी टेकवून बघतील. मग बधिर करणारा थेंब टाकून ठिपक्याच्या कडेचा थोडा खरवड काढतील. अण्णांना आधीच सांगून ठेवा, सुई-पातं बघून लोक घाबरतात, पण दुखत नाही. काचपट्टीवर तो खरवड सूक्ष्मदर्शकाखाली लावला की बुरशीचे धागे असतील तर बहुतेक वेळा त्याच दिवशी दिसतात. उरलेला वाढवायला ठेवतात, त्याला दिवस लागतात. नुसत्या नजरेनं बुरशी की जिवाणू हे भलेभले चुकतात, मी तर फक्त फोनवरून अंदाज बांधतोय. म्हणून खरवड न काढता कुणी औषध द्यायला लागलं तर अदबीनं विचारा, तपासायचं नाही का म्हणून.

गोदाकाठचा (रात्री 11.46)

काका, एक सांगू का? स्टेरॉइडला सरसकट वाईट ठरवू नका. मी 34 वर्षांचा, नाशिकचा. कंबरेचा जुना आजार आहे, सकाळी उठताना पाठ लाकडासारखी होते. रक्तात एचएलए-बी 27 निघालं, म्हणजे अशा आजारांशी जोडलेली एक आनुवंशिक खूण. वर्षातून एकदा माझा डोळा असाच लाल होतो, उजेडाला उघडत नाही. पहिल्या वेळी मी स्टेरॉइड ऐकून घाबरलो आणि थेंब टाकलेच नाहीत. आतला पडदा मागच्या भिंगाला चिकटला, बाहुली आजही पानाच्या आकाराची आहे. आता डॉक्टर देतात ते प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडचेच थेंब, मी वेळेवर घालतो आणि ते हळूहळू कमी करत नेतो.

निवृत्त नेत्रसहायक (रात्री 11.58)

बरं केलंत लिहिलंत. तुमचं तेच ते दुसरं दुखणं, आणि तिथे स्टेरॉइडशिवाय डोळा वाचत नाही. अण्णांच्या डोळ्याला तेच मारक. बाहेरून दोघांचे डोळे सारखेच लाल. फरक कळतो तो आधी यंत्रावर बघून आणि ती केशरी पट्टी लावून. तुमच्या डॉक्टरांनीही दर वेळी आधी ते बघितलं असेल. म्हणून घरात उरलेली बाटली पुढच्या वेळी आपल्या मनानं उघडू नका, डोळा तुमचाच असला तरी. नागिणीच्या कुळातला एक विषाणू बुबुळावर झाडाच्या फांदीसारखी जखम करतो. त्यावर स्टेरॉइड पडलं की ती फांदी नकाशाएवढी पसरते.

पंचगंगाकाठ (रविवार, रात्री 8.15)

मी रात्रीच्या गाडीनं आले. सकाळी नऊला मिरजेत पोचलो. डॉक्टर ताईंनी यंत्रावर बघितलं, तपासणीची केशरी पट्टी लावली, खरवड काढला. अण्णा म्हणाले, काही कळलंही नाही. दोन तासांनी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकात बघायला बोलावलं. धागे होते. बारीक, फांद्या फुटलेले. एवढी शी वस्तू माझ्या बापाच्या डोळ्यात बसलीय हे बघून मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

अण्णांना दाखल केलंय. नॅटामायसिन या बुरशीवरच्या औषधाचे 5 टक्क्यांचे थेंब दिवसभर दर तासाला, पहिले दोन दिवस रात्रीसुद्धा. बाहुली मोठी ठेवायला वेगळा थेंब आहे. साखर 268 निघाली. भावाचा एक मित्र म्हणतो की व्होरिकोनॅझोल म्हणून नवीन, महाग औषध आहे, ते मागा. मागू का?

निवृत्त नेत्रसहायक (रविवार, रात्री 8.50)

नको. महाग म्हणजे सरस असं इथे नाही. तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयात 323 रुग्णांवर ही दोन औषधं समोरासमोर लावून बघितली, 2013 साली ते प्रसिद्ध झालं. नॅटामायसिन सरस ठरलं, फ्युजेरियमवर तर फारच. योग्य औषध चालू आहे. फक्त बाटली दर वेळी चांगली हलवून घ्या. औषध तळाला बसतं, न हलवता टाकलं तर वरचं पाणीच डोळ्यात जातं. रात्रीचे थेंब तुम्ही आणि भाऊ वाटून घ्या, गजर लावून. आठवड्यात बरं वाटेल अशी आशा धरू नका. यात आठवडे जातात.

पंचगंगाकाठ (सात आठवड्यांनी)

काका, कळवायचं राहिलं होतं. अण्णा अकरा दिवस दवाखान्यात होते. व्रण पाचव्या आठवड्यात भरला. फूल पडलंय, म्हणजे व्रणाचा डाग राहिलाय, खालच्या अंगाला, पांढरट. ते मधोमध नाही म्हणून वाचलो, असं डॉक्टर ताई म्हणाल्या. कॅलेंडरची तारीख परत वाचतात, बारीक तिथी वाचता येत नाही. फूल पक्कं झालं की नंबर काढून बघू म्हणाल्यात. वाडं आता भाऊ आणतो, मोटारसायकलचा पारदर्शक चष्मा लावून. आणि परवा गड्याच्या डोळ्याला पातं लागलं तेव्हा त्यानं त्याच दिवशी त्याला दाखवायला नेलं. नुसतं खरचटलं होतं, मलम दिलं.

एक विचारायचं होतं. दूध घाला म्हणणाऱ्या काकू काल आमच्याकडे उरलेले थेंब मागायला आल्या. त्यांचा डावा डोळा अर्धा रक्तासारखा लाल झालाय, बघवत नाही. आईनं बाटली दिली नाही. तिनं आधी त्यांना दाराच्या उजेडात उभं केलं आणि तारीख वाचायला लावली. त्यांनी तिथीसकट वाचली. दुखत नाही, खुपत नाही, उजेडाचा त्रास नाही. सकाळी आरशात बघितलं तेव्हाच कळलं म्हणाल्या. काय असेल?

निवृत्त नेत्रसहायक (त्याच दिवशी, दुपारी 1.10)

तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा, तपासणी अगदी बरोबर केली.

काकूंची डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखालची एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली असणार. जोराचा खोकला, शिंक, कुंथणं, कशानंही फुटते. लाल डोळ्यांत दिसायला सगळ्यात भयानक हाच आणि निरुपद्रवीही बहुतेक हाच. थेंब काहीच नकोत. कडा पिवळट होत होत दोन आठवड्यांत जाईल, मार लागल्यावरचा काळानिळा डाग जातो तसा. डोळ्याला मार लागला नव्हता ना, एवढं विचारा, लागला असेल तर दाखवायला न्या. उपकेंद्रात रक्तदाब मोजून घ्या. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगायचं, पण घाबरून ती आपल्या मनानं बंद करायची नाही.